पोचेवरची वेळ

हॉर्नचं बटण दाबलं की शिवकन्या मनात मोजायला लागायची. 'एक' म्हणून पुरं व्हायच्या आत पडद्यावर लहूचा हात वर झाला, तर चित्र ताजं. 'दोन' म्हणेपर्यंत झाला नाही, तर शिळं. शिळ्या चित्रावर मशीन वळवायचं नाही, हे तिचं तिनं ठरवलेलं होतं. केंद्राच्या नियमावलीत ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

लहू नागरगोजे तिचा नवरा. तो सांगली जिल्ह्यात, वाळव्याच्या बाजूला उसाच्या रानात उभा असे. ती तिथून अडीचशे किलोमीटरवर, पाटोद्याजवळच्या माळावर, पत्र्याच्या एका लांबलचक हॉलमध्ये बसून त्याच रानातलं तोडणीचं मशीन चालवत असे. हॉलमध्ये अशा चाळीस खुर्च्या होत्या. प्रत्येक खुर्चीपुढं पडदा, दोन्ही हातांशी दांडे, पायाशी ब्रेक.

पूर्वी नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जायचा. दिवाळी झाली की कोयते ट्रकात बसून ऊसपट्ट्यात जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. मग दुरून चालणारी मशीनं आली, हे केंद्र निघालं. शब्द मात्र तोच राहिला. चाळीस खुर्च्या म्हणजे चाळीस कोयते. आता कोयता मधोमध तुटला होता इतकंच, एक जण खुर्चीवर आणि एक रानात. रानात माणूस लागायचाच. लोळलेल्या उसात दगड, बोअरचा पाइप, खांबाची ताणाची तार, काय दडलेलं असेल ते कॅमेऱ्याला दिसत नाही. माणूस दिसला की मशीन आपोआप थांबवणारं एक यंत्र बसवलेलं होतं. पण पाचट उडालं तरी ते थांबवायचं, म्हणून पहिल्याच हंगामात त्याची नजर मंद करून ठेवली होती.

रानातला माणूस खुर्चीवरच्याच घरातला हवा, ही अट आसाराम गर्जे यांची. कागदावर ते पाळीचे पर्यवेक्षक होते. हॉल त्यांना मुकादमच म्हणे, कारण वीस वर्षं ते खरेच मुकादम होते.

"नवरा म्होरं उभा हाय म्हणल्यावर बाई गाफील राहत नाही," ते नव्या माणसांना सांगायचे, "अन् बायको चालवतीय म्हणल्यावर गडी बांधावर झोपत नाही. माझ्या चाळीस कोयत्यांत तीन हंगामांत साधं बोट कापलं नाही."

वळणाची खूणही त्यांनीच शिकवली होती. सरी संपली, मशीन बांधाशी आलं की खुर्चीवरच्यानं हॉर्न द्यायचा. रानातल्यानं बाजूला उभं राहून हात वर करायचा. मग वळायचं. "हॉर्न म्हणजे पत्र," मुकादम म्हणायचे, "हात म्हणजे पोच. पोच आल्याशिवाय पुढचं काम नाही."

शिवकन्याला या खुर्चीचं मोल एका गोष्टीवरून कळत होतं. तिची मुलगी मुक्ता तिसरीत होती आणि तिन्ही वर्षं एकाच शाळेत होती. शिवकन्या स्वतः चौथीपर्यंत पाच शाळांत बसली होती, आणि त्यातल्या एकीलाच भिंती होत्या.

*

चित्र शिळं येतं हे तिला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळलं. सकाळी आठच्या सुमारास तिनं बांधाशी मशीन थांबवलं आणि पडद्यावर ते आणखी तीनेक मीटर पुढं जाऊन थांबलं. तिनं पायाखाली बघितलं. ब्रेक पूर्ण दाबलेला होता.

मुबीन शेख हॉलचं नेटवर्क सांभाळायचा. मूळ अंबाजोगाईचा, तिशीतला, बोलताना बोटानं हवेत आकृत्या काढणारा. त्यानं तिच्या खुर्चीमागं उभं राहून अर्धा तास बघितलं. प्रत्येक खुर्चीवर दोन आकडे झळकत. एक गळतीचा, म्हणजे वाटेत किती चित्र हरवलं त्याचा. दुसरा विलंबाचा. गळती शून्य होती. विलंब सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी.

"आकडे तर मस्त आहेत," शिवकन्या म्हणाली. "मग मीच येडी झालेय का?"

"नाही वहिनी. तुम्ही साखर कारखान्याच्या काट्यावरची रांग बघितलीय ना?"

"बघितलीय? माझा जन्म त्या रांगेत झालाय. ट्रॉलीखाली."

मुबीन हसला. "मग तुम्हाला लवकर कळेल. कॅमेरा चित्राचे तुकडे करून पाठवतो. पाकिटं म्हणा. मशीनवरच्या डब्यातून टॉवरपर्यंत ती हवेतून जातात. हवेतला रस्ता सारखा नसतो. उघड्या रानात रुंद. दाट उसात अरुंद. पानं दवानं भिजलेली असली की नुसती बोळ. मग पाकिटं डब्यात थांबतात. कंपनीनं थांबायला जागा एवढी मोठी ठेवलीय की एकही सांडायला नको."

"मग चांगलंच हाय की."

"काट्यावर दोनशे गाड्या उभ्या राहिल्या तर ऊस हरवतो का?"

"नाही. वाळतो."

"तेच. एक कांडं हरवत नाही. सगळा ऊस पोचतो, फक्त वाळलेला पोचतो."

शिवकन्यानं पडद्याकडं बघितलं. पडद्यावरचं रान स्वच्छ होतं. उसाच्या पानावरची बारीक कुसळंसुद्धा दिसत होती.

गोष्ट तशी साधी होती आणि जगभरच्या जाळ्यांत पन्नासेक वर्षं होती. रांग किती लांब असावी हे सगळे नगांत मोजत आले. पाचशे पाकिटांची जागा, हजार पाकिटांची जागा. पण रांगेत उभ्या असणाऱ्याला आपल्यापुढं किती जण आहेत याच्याशी काही देणंघेणं नसतं. आपला नंबर कधी लागणार, एवढंच त्याला हवं असतं. दार रुंद असेल तर हजार पाकिटं पाव सेकंदात निघून जातात. तेच दार आठपट आवळलं, तर तेवढ्याच रांगेला दोन सेकंद लागतात. तारेतलं दार सहसा हलत नाही. हवेतलं दार दर क्षणाला हलतं. त्यात आणखी एक मेख होती. पाठवणाऱ्याला रस्ता तुंबल्याचं कळतं ते पाकीट हरवल्यावर. हरवलं की तो हात आखडता घेतो, चित्र जरा भरड करतो. इथं काही हरवतच नव्हतं. त्यामुळं कॅमेरा भरल्या डब्यात ओततच राहायचा.

"अन् हा विलंबाचा आकडा? हा का खोटं बोलतो?"

"तो खोटं बोलत नाही. त्याची पाकिटं चिमुकली असतात. पात्यावरचा भार दाखवणाऱ्या काट्याची, ब्रेकची, हॉर्नची बी. त्यांना वेगळं दार ठेवलंय. ती रांगेत उभीच राहत नाहीत. साहेबाची गाडी काट्यावर थांबत नाही, तसं. साहेबाला विचारलं तर तो म्हणणार, कुठंय रांग?"

"मग इलाज काय?"

"पाकीट रांगेत शिरलं की त्याच्यावर वेळ टाकायची. बाहेर पडताना ती वेळ बघायची. फार उभं राहिलेलं असलं तर फेकून द्यायचं."

"फेकायचं? त्यात ह्यांचं चित्र असलं तर?"

"शिळं फेकायचं, वहिनी. मागून ताजं येतंय ना."

*

मुबीननं तिच्या मशीनच्या डब्यात ती सोय सुरू केली. दुरून, आपल्या टेबलावरून, कुणाला न विचारता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हॉर्न दिला आणि 'एक' अर्धा असतानाच लहूचा हात वर झाला. मशीन तिच्या हाताबरोबर हलत होतं. पायाबरोबर थांबत होतं.

चित्र मात्र गेलं. दव उतरेपर्यंत पडद्यावर नुसते हिरवे-करडे ठोकळे. लहू म्हणजे एक नारिंगी ठोकळा, वर आणखी एक लहान ठोकळा. मधेच अर्धा पडदा गोठायचा आणि पुढं उडी मारायचा. लोळलेला ऊस कुठं संपतो आणि बांध कुठं सुरू होतो ते कळेना, म्हणून ती हळू चालवायला लागली. पाती दोनदा बांधात घुसली.

आठव्या दिवशी मुकादम तिच्या खुर्चीशी येऊन उभे राहिले. हातात कागद नव्हता. वाईट बातमी ते तोंडीच द्यायचे.

"पोरी, तुझ्या खुर्चीला गळती साडेचार टक्के दाखवतीय. बाकीच्या एकोणचाळिसांना शून्य."

"चित्र ताजं येतंय, तात्या. शिळं येण्यापरीस..."

"मला कळतंय. वरच्याला एकच कळतं. करारात लिहिलंय, गळती शून्य. सलग पंधरा दिवस गळती दिसली की मशीन दुसऱ्या केंद्राला जोडायचं. आठ झालेत." त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "मशीन गेलं तर कोयता हातानं तोडायला रानात जातो. दोघं बी. तुला सांगायला नको, मागं पोरीला कोण ठेवून घेत नसतं."

ते निघून गेल्यावर शिवकन्यानं ठोकळ्यांत आणखी दोन सऱ्या तोडल्या. मग जेवणाच्या सुट्टीत ती मुबीनच्या टेबलाशी गेली.

"मुबीनभाऊ, लांब करा परत."

त्यानं मान वर केली. "रांग?"

"व्हय. होती तेवढी."

"मी वर लिहिलंय वहिनी. विलंब मोजायची पद्धतच चुकलीय म्हणून. उत्तर येईपर्यंत तरी..."

"कव्हा येईल?"

त्यानं पडद्यावरचं टपाल पुन्हा उघडून बघितलं.

"माझ्याकडं हॉर्न हाय, ह्यांचा हात हाय. मी मोजते. शिळं वाटलं तर वळत नाही. मशीन उभं करते, रांग मोकळी झाली की निघते. तुमच्या यंत्रापरीस माझं मोजणं बरं हाय."

मुबीननं खालचा ओठ दाताखाली धरला. "मग एक करा. नुसता हात नको. हॉर्न कधी एकदा द्या, कधी दोनदा, कधी तीनदा. जितके हॉर्न तितकी बोटं दाखवायला सांगा. म्हणजे ही पोच ह्याच हॉर्नची, हे नक्की होईल."

"दुसऱ्या कुणाची असणार? रानात काय चार नवरे उभेत माझे?"

तो हसला नाही. "तरी करा."

तिनं लहूला सांगितलं. दोघांनी तीन दिवस केलं. उसाचं पान हात कापतं म्हणून लहू जाड मोजे घालायचा. मोज्यातली बोटं लांबून एकच गोळा दिसायची. दोन की तीन हे बघण्यात उगाच वेळ जायचा. चौथ्या दिवशी त्यानं सरळ हात वर केला आणि तिनं काही म्हटलं नाही.

*

संध्याकाळी सात वाजता लहूचा फोन यायचा. मुक्ता आधी बोलायची, मग फोन आईकडं.

"आज वळणावर अकरा वेळा थांबवलंस."

"शिळं होतं."

"मी तर ताजाच होतो. सकाळी आंघोळ केलती."

"थट्टा नका करू. तुमचा हात मला 'दोन'च्या पुढं दिसतो."

"मी कशाला उशीर करीन? हॉर्न वाजला की हात. आता झोपेत बी वर होतो. शेजारचा सानप म्हणतो, लहू, स्वप्नात बी बायकोला सलाम ठोकतोस व्हय."

"तुम्ही करता वेळेवर. मला येतो उशिरा."

"मुकादमाचा फोन आलता मला," लहू म्हणाला. "गळती गेली म्हणले. पण तोड कमी पडतीय. थांबण्यात दिवसाचा दीड तास जातोय. चाळिसात आपण शेवटून दुसरे."

"मग काय करू?"

"तू काय करू नको. तू मोज." आणि मग आवाज बदलून, "मुक्तीनं पाढे कुठवर नेले?"

"सतरापर्यंत."

"माझे बारावर सुटले. तिला म्हणावं, पप्पा आले की सतराचा म्हणून दाखव. मला तपासता यायचा नाही, पण म्हण."

त्या आठवड्यानंतर थांबणं कमी झालं. आधी अकराचं सातवर आलं, मग तीनवर, मग एखाद्याच सकाळी एकदा. 'एक' पुरं व्हायच्या आत हात वर झालेला दिसे. कधी कधी तर हॉर्नच्या बटणावरून बोट उचलायच्या आत. शिवकन्याला वाटलं दव ओसरलं. मग वाटलं मुबीननं गुपचूप काही केलं. तिनं त्याला विचारलं; त्यानं नाही म्हटलं आणि कपाळाला आठी घातली, पण तेवढ्यात दुसऱ्या रांगेतला एक पडदा बंद पडला म्हणून तो तिकडं गेला. नंतर त्याचं आणि तिचंही राहून गेलं.

"बघ," लहू फोनवर म्हणाला, "सुधारलो का नाही मी?"

"तुम्ही कशाला, हवा सुधारली."

तो हसला. बराच वेळ हसला. ते हसणं तिला पुढं रोज आठवणार होतं.

*

भोगीच्या दिवशी सकाळी रानात धुकं होतं. त्याच टॉवरवर आणखी दोन मशीनं जोडलेली होती. आठ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी शिवकन्यानं सरी संपवली आणि बांधाशी हॉर्न दिला.

लहू डावीकडं बांधावर उभा होता. नारिंगी जाकीट, डोक्याला मफलर. त्याचा हात लगेच वर झाला. तिचं 'एक' तोंडातच होतं. चित्र इतकं स्वच्छ होतं की मफलरचे रंग दिसत होते.

तिनं मशीन वळवलं. पुढच्या सरीचं तोंड मोकळं होतं. मशीन ताशी पाच किलोमीटरनं सरीत शिरलं आणि तिनं पाती खाली घेतली.

पात्याच्या भाराचा काटा एकदम उजवीकडं गेला.

दगड नाही, हे तिच्या हाताला कळलं. दगडावर काटा थरथरतो. ठिबकची नळी गुंडाळली असेल, असं मनात आलं, आणि तिनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. भाराचा काटा शून्यावर आला. मशीन थांबल्याचा लाल दिवा लागला.

पडद्यावर मशीन थांबलं नव्हतं. ते अजून वळत होतं. आणि लहू बांधावर होता. त्याचा हात आता खाली येत होता. त्यानं मान वळवून सरीच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काळी नळी वर आलेली होती. तिला ती आत्ता पहिल्यांदा दिसली. तो बांधावरून उतरला. धावत नव्हता, घाईतही नव्हता. चालवणारी आपल्याला बघतेय हे माहीत असलेला माणूस चालतो तसा तो चालत मशीनच्या पुढून गेला आणि नळी उचलायला वाकला.

शिवकन्यानं हॉर्न दाबला. दाबूनच ठेवला. ब्रेकवर ती उभी राहिली. जमीन पडद्यावर पुढं सरकत राहिली. लाल दिवा लागलेलाच होता. थांबवायला काही उरलेलं नव्हतं.

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं नंतर सांगितलं की शिवकन्या ओरडली नाही. ती मोजत होती. "दोन," ती म्हणाली, आणि मग चित्र ब्रेकपाशी पोचलं आणि थांबलं.

*

पाचव्या दिवशी मुबीन घरी आला. दारात चप्पल काढून बराच वेळ उभा राहिला. शेजारणीनं पाणी दिलं, ते त्यानं हातातच धरलं.

"मशीनवर चित्राची एक नोंद राहते," तो म्हणाला. "रानातल्या घड्याळाची. हॉलचं चित्र उशिरा येतं, पण त्या नोंदीत सगळं तिथल्या वेळेनं असतं. मी एक्केचाळीस दिवसांची बघितली. तुम्हाला सांगितलंच पाहिजे असं नाही, वहिनी."

"सांगा."

"पहिले सत्तावीस दिवस हॉर्न वाजल्यावर अर्ध्या सेकंदानं हात. रोज. घड्याळ लावून घ्यावं असं. मग एक दिवस हॉर्नच्या बरोबर. दुसऱ्या दिवशी हॉर्नच्या अर्धा सेकंद आधी. मग एक सेकंद. शेवटचे पाच दिवस दीड ते दोन सेकंद आधी."

शिवकन्या बोटांवर दिवस मोजत होती.

"त्यांनी मापून घेतलं होतं. मशीन थांबलं की दुसऱ्या वळणावर आणखी आधी. थांबत नाहीसं झालं तेवढ्यावर ठेवलं." मुबीननं पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे हॉर्नची पोच हॉर्नच्या आधीच रांगेत उभी राहायची. तुमच्याकडं यायची तेव्हा बरोबर वेळेवर आल्यासारखी दिसायची."

"शिळं मला ताजं करून दिलं."

"त्यांना वाटलं असेल उशीर त्यांच्याच हाताचा आहे. तुम्ही म्हणायचात ना, हात उशिरा दिसतो."

ती उठली आणि चुलीशी गेली, तिथं काही काम नव्हतं म्हणून परत आली. हात उशिरा दिसतो असंच ती म्हणाली होती, चित्र उशिरा येतं असं म्हणाली नव्हती. तिनं काट्याची रांग, वाळलेला ऊस, यातलं काही त्याला सांगितलं नव्हतं. फोन सातला यायचा, मुक्ता आधी बोलायची, मग जेवायची वेळ व्हायची.

"लांब करा म्हणून मीच म्हणले होते," ती म्हणाली.

"केली मी."

बाहेर मुक्ता कुणाला तरी सतराचा पाढा म्हणून दाखवत होती. एका जागी अडली, मागं गेली, पुन्हा सुरू केला.

*

चौकशी केंद्राच्याच ऑफिसात झाली. जिल्ह्याहून आलेले अधिकारी पन्नाशीचे, सौम्य होते. त्यांनी शिवकन्याला पंख्याखालची खुर्ची दिली आणि अहवाल वाचून दाखवला. मुकादम दाराशी उभे होते. सकाळीच त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, कोयता अर्धा झालाय, पोरी. दिराला उभं केलंस रानात तर खुर्ची ठेवतो, नाहीतर सोमवारपासून माझ्या हातात नाही. सांगताना त्यांनी तिच्याकडं बघितलं नव्हतं.

अहवाल चार पानांचा होता. जोडणी उत्तम स्थितीत होती. घटनेच्या वेळी विलंब सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी. गळती शून्य. घटनेच्या आधीची आणि नंतरची सर्व चित्रं केंद्राला क्रमानं आणि पूर्ण मिळाली. चालक महिलेनं संकेत मिळाल्यावरच मशीन वळवलं, तिचा दोष नाही. रानातल्या इसमानं हॉर्नची वाट न पाहता आधीच हात वर करून संकेताच्या नियमाचा भंग केला आणि नंतर जागा सोडली.

"म्हणजे चूक ह्यांची," शिवकन्या म्हणाली.

"कुणाची चूक असं आम्ही म्हणत नाही. घटनाक्रम आहे."

"रांगेचं कुठंय त्यात? मुबीनभाऊंनी लिहून दिलं होतं."

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला आणि पानं चाळली. "तांत्रिक टिपण आलंय. ते परिशिष्टात जाईल, पुढच्या बैठकीत. या अहवालात मोजलेल्या गोष्टी येतात, बाई. मोजमापात विलंब कुठं दिसत नाही."

"मी मोजला होता."

"कशानं?"

ती खुर्चीत पुढं सरकली. मग म्हणाली, "आणखी एक लिहा. रांग आखूड केली होती. मीच परत लांब करायला लावली. मला चित्र स्वच्छ पाहिजे होतं."

"ते आता कशाला..." मुकादम दारातून पुटपुटले.

"ते या विषयात बसत नाही," अधिकारी सौम्यपणानं म्हणाले. त्यांनी चौथं पान तिच्याकडं वळवलं आणि तळाशी बोट ठेवलं. "अहवालाशी सहमत आहात असा अर्थ नाही. मिळाला एवढंच. इथं सही करा, पोच म्हणून."

शिवकन्यानं पेन घेतलं. तळाशी छापलेलं होतं: पोच. पुढं सहीची रेघ, त्याखाली तारीख. तिनं शिवकन्या लहू नागरगोजे असं सावकाश लिहिलं. तारीख घातली. मग पेन तसंच धरून ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. काटा पुढच्या मिनिटावर सरकेपर्यंत.

"झालं, बाई. द्या."

"वेळ टाकायची राहिलीय."

"तारीख पुरते."

"पुरत नाही," ती म्हणाली, आणि तारखेखाली, जिथं रेघ नव्हती तिथं, तिनं लिहिलं: बारा वाजून अठरा मिनिटं.